घाईबाचं पार्सल

आईशप्पथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

म्हणजे माझ्या आईची शपथ नाही, ती चिडते. रणजितच्या आईची. आणि शंभर टक्के म्हणजे… तलाव खरा आहे, बाभळ खरी आहे, वास तर फारच खरा आहे. मधलं काही इकडचं तिकडं झालं असेल तर ते भिवंडीत झालं असेल. तिथं सगळ्याचंच होतं.

तर,

“हा घाईबा राहतो तरी कुठं?” रणजितनं पुन्हा विचारलं.

ओबाबा शेंगा फोडत होते.

टेकडीवर एक पत्र्याची शेड, शेडपुढं एक दगड, दगडावर ओबाबा. विटा गावाच्या त्या अंगाला त्यांना सगळे ओळखतात. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. कुणी महाराज म्हणतं, कुणी म्हातारबा म्हणतं, परवा एका कार्ट्यानं ‘ए टकल्या’ म्हटलं. बाबा प्रत्येकाला “ओ” देतात. म्हणून ओबाबा.

रणजित बुरुंगले काही बाबांकडं ज्ञान घ्यायला आला नव्हता. ज्ञान त्याच्याकडं भरपूर होतं. कुरिअर कंपनीच्या विट्यातल्या गोदामात भिंतीवर एकच फोटो आहे आणि तो त्याचा आहे. खाली लिहिलंय, ‘आमचा सर्वात वेगवान रायडर’. त्याच्या हातून आजवर एकही पार्सल परत गेलेलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

आणि आता हातात हे.

बुटाच्या खोक्याएवढं पार्सल. वरून खाकी टेप. टेपवर दुसरी टेप. त्यातूनही वास.

लेबलावर नाव होतं, ‘श्री. घाईबा’. पत्ता होता, ‘बाभळीखाली, पाझर तलाव, टेकडीचा पायथा’. आणि पाठवणाऱ्याचं नाव होतं, ‘ओबाबा, टेकडी’.

“बाबा, पाठवलंय तुम्ही. मग घेणारा कोण हाय ते तुम्हालाच ठाऊक असणार.”

“ठाऊक आहे.”

“मग सांगा की.”

“तू शोधतोयस ना त्याला?”

“व्हय.”

“मग मी मध्ये कशाला येऊ?”

रणजितनं एक खोल श्वास घेतला. पार्सल हातात होतं हे विसरून घेतला. मग खोकला.

“तिकडं बघा,” त्यानं खाली बोट दाखवलं. “कॅनॉलचं पाणी सोडलंय. शिमग्याला तलाव कोरडाठाक हुता, मी रोज त्यातनंच गाडी घालत हुतो, शॉर्टकट. आता बाभळीचा बुंधा पाण्यात गेलाय, नुस्त्या फांद्या दिसत्यात. शेंड्यावर दोन बगळे बसल्यात. त्यातला घाईबा कुठला?”

बाबांनी डोळ्यांवर हात धरून दोन्ही बगळे नीट न्याहाळले.

“दोन्ही नव्हेत.”

“मग नकाशात टिपका पाण्यात कशापायी दिला?”

“दिला तेव्हा पाणी नव्हतं. कुरिअरच्या काउंटरवरच्या पोरानं विचारलं, माणूस नेमका कुठं सापडतो. मी बाभळीवर बोट ठेवलं. दुपारी तिथंच थांबायचा तो. पार्सल वेळेत आलं असतं तर कुणाचे पाय भिजले नसते.” बाबांनी नाक मुरडलं. “आणि हा वास कसला?”

“तुमच्याच पार्सलाचा.”

“गेलं तेव्हा नव्हता.”

“दीड महिना फिरतंय वो ते.”

“इथनं बाभळीपर्यंत… दीड महिना?”

“हितनं विटा. विट्यातनं कराड. कराडातनं पुणे. पुण्यातनं भिवंडी. भिवंडीतनं नागपूर.”

“नागपूर का?”

“ते नागपूरलापण माहीत न्हाय. नागपुरातनं परत भिवंडी. मग कोल्हापूर. मग विटा. मग मी.”

बाबांनी शेजारचा एक खडा उचलला, हातात तोलला, खाली बाभळीकडं पाहिलं.

“हा इथून भिरकावला तर लागेल.”

“खड्याला स्कॅन नसतो, बाबा.”

बाबांनी खडा हळूच खाली ठेवला. मग शेंगांची पिशवी बाजूला सारली आणि दगडावरून पुढं सरकून बसले. लहान पोरं भुताची गोष्ट ऐकायला बसतात तसे.

“आणखी काय काय नियम आहेत?”

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. रणजितचं धरणच फुटलं.

“सकाळी गाडी काढायच्या आधी ॲपमधी सेल्फी टाकायचा. हेल्मेट घालून टाकला की म्हणतं, चेहरा दिसत नाही. हेल्मेट काढून टाकला की म्हणतं, हेल्मेट दिसत नाही.”

“मग?”

“मग हेल्मेट हातात धरून, तोंडाशेजारी. जत्रंत फोटू काढल्यासारखा.”

“मग?”

“मग नंबर. ॲप दाखवंल त्याच नंबरानं जायचं. एकाच बिल्डिंगीत तीन पार्सलं. पहिल्या माळ्यावरचं पयलं. तिसऱ्या माळ्यावरचं दुपारी. मधल्या माळ्यावरचं चहाच्या टायमाला. मधी सगळं गाव फिरून यायचं. एकाच जिन्यानं तीनदा. वॉचमन मला बाजूला घेऊन म्हणतो, भावा, खरं सांग, कितव्या माळ्यावर जमलंय?”

“कितव्या?”

“बाबा.”

“बरं, बरं. साहेबाला सांगितलंस का?”

“सांगितलं की. झांबरे साहेब म्हणले, तक्रार ॲपमधी टाक. टाकली. ॲप म्हणलं, तुमची तक्रार तुमच्या साहेबांकडे पाठवली आहे. साहेबाला विचारलं. साहेब म्हणले, आलीय, पण ती ॲपनंच सोडवायची असती.”

शेंग बाबांच्या बोटांत तशीच राहिली. तोंड उघडं होतं, पण ते शेंगेसाठी नव्हतं.

“आणि ह्येचं तर इचारूच नगा,” रणजितनं पार्सल वर धरलं. “पार्सल दिलं असं लावायचं, तर गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहूनच लावता येतं. दार म्हंजे टिपका. टिपका पाण्यात. बरं, गिऱ्हाईक सापडलं नाही असं लावायचं, तर बंद दाराचा फोटू लागतो. मी काठावर उभं राहून तलावाचा फोटू टाकला.”

“मग?”

“म्हणलं, दार दिसत नाही, कृपया जवळ जाऊन पुन्हा फोटो काढा.”

बाबांना हसू फुटलं. आवाज नाही, नुसते खांदे.

“त्याला फोन लाव की.”

“लावला नसंल व्हय? लेबलावर नंबर छापत न्हाईत. ॲपमधनंच लागतो, कुणाला लागतोय ते आपल्याला दिसत न्हाय. रोज लावतोय. सकाळी बिझी. दुपारी बिझी. एकदा तर पहाटं उठून लावला, म्हणलं आता गावलं बेणं. बिझी.” रणजितचा आवाज चढला. “एवढं बोलतो तरी कुणाशी हा घाईबा?”

“स्वतःशीच बोलत असेल.”

“तसली माणसं असत्यात. रिकामटेकडी.”

“असतात,” बाबा म्हणाले.

खाली रस्त्यावरून उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर गेला. त्याच्या टेपवरचं गाणं लांबपर्यंत ऐकू येत राहिलं…

“हसायचं काम न्हाय, बाबा.” रणजित आता हळू बोलायला लागला. “आज सहाला शेवट हाय. सहाच्या आत ह्येचा निकाल लागला न्हाय तर माझा आयडी लॉक.”

“म्हणजे काय होतं?”

“म्हंजे मी न्हाय. ॲप उघडलं की म्हणणार, असा कोणी माणूस आढळला नाही.”

बाबा गंभीर झाले.

“हे कंपनी करून देते?”

“व्हय.”

“लोक त्यासाठी हिमालयात जातात रे.”

“चेष्टा नगा करू. आमच्यातल्या दिनकरचा लॉक झाला. अजून उघडला न्हाय. गाडीचे हप्ते हुते, गाडी गेली. आता रसवंतीवर बसून घुंगरांचा चरक फिरवतोय. मला बघितलं की मान खाली घालतो. आणि माझी तर घरातपण पत न्हाय. आईनं डबा द्यायचा बंद केलाय. तिसरा डबा हरवला म्हणून. म्हणती, हरवलेला घेऊन ये, मग जेवायला देते. दीड महिना वडापाववर हाय मी.”

“कुठं हरवला?”

“ते ठाऊक असतं तर हरवला कसा म्हणलो असतो?”

बाबांनी मान डोलावली. वाक्य त्यांना आवडलेलं दिसलं.

मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले. “आण इकडं. मी पाठवलंय, मीच परत घेतो. सुटलास.”

रणजितनं पार्सल छातीशी धरलं आणि एक पाऊल मागं झाला.

“असं न्हाय देता येत.”

“का?”

“परत म्हंजे आधी भिवंडी. तिथनं नागपूर लागलं तर नागपूर. मग तुमच्याकडं.”

“मी तुझ्या पुढ्यात बसलोय.”

“तरीपण.”

“म्हणजे जिथून निघालं तिथंच यायचं… पण सगळा फेरा मारून.”

“नियमच हाय.”

“आमच्यात त्याला जन्म म्हणतात,” बाबा म्हणाले आणि हात मागं घेतले.

रणजित खाली बसला. उठला. पुन्हा बसला. आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात अशी एक कल्पना आली की त्याचे डोळेच चमकले. सर्वात वेगवान रायडर काय उगाच झाला नव्हता.

“बाबा. तुम्ही कुठल्याबी नावाला ओ देता, खरं ना?”

“ओ.”

“मग मी हाक मारतो. तुम्ही ओ द्या. तुम्हीच घाईबा. मिटलं.”

बाबांनी अंगावरची टरफलं झटकली.

“घाईबा,” रणजितनं हाक मारली.

बाबा गप्प.

“ओ घाईबा.”

गप्प.

“ए टकल्या.”

“ओ,” बाबा म्हणाले.

“घाईबा.”

काही नाही.

रणजितला घाम फुटला. “आता का वो?”

“ते नाव दुसऱ्याचं आहे.”

इतक्यात फोन वाजला. झांबरे साहेब. रणजितनं स्पीकर लावला, म्हणजे बाबांनाही कळेल आपल्यामागं काय लागलंय ते.

“रणजित, आहेस कुठं? ते वासाचं पार्सल अजून लाल दाखवतंय.”

“साहेब, गिऱ्हाइकाचं दार पाण्यात हाय.”

“दार कुठंही असो. आपण दारात पाहिजे. आपल्या कंपनीचं ब्रीदच आहे ते.”

“साहेब, तुम्ही तिथनं नुस्तं एक बटण दाबा की.”

“माझ्या बटणाला वरून परवानगी लागते.”

“वरून म्हंजे कुठनं?”

साहेबांनाही हा प्रश्न पहिल्यांदाच पडला असावा.

“वरून,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बाबांनी आभाळाकडं पाहिलं. मग धोतर खोचलं. रणजितच्या हातातलं पार्सल काढून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि टेकडी उतरायला लागले.

“ओ बाबा. कुठं?”

“दारात.”

म्हातारा असा उतरत होता की वेगवान रायडरला मागं पळावं लागत होतं. दोनदा तो घसरला. एकदा हेल्मेट घरंगळत पुढं गेलं आणि बाबांच्या आधी पायथ्याला पोचलं.

तलावाच्या बांधावर दोन बायका धुणं आटपत होत्या, एक म्हातारा म्हशी धूत होता. बाबा कुणाशी न बोलता सरळ पाण्यात शिरले. घोट्याइतक्या. गुडघ्याइतक्या.

रणजित काठावर थांबला.

“बाबा, मला पव्हता येत न्हाय.”

“पार्सललाही येत नाही. ते घाबरलंय का?”

“ते तुमच्या डोक्यावर हाय.”

“तूही बस. पण मग टिपक्यावर कोण उभं राहणार?”

रणजितनं फोनकडं पाहिलं. सहा वाजायला फार वेळ उरला नव्हता. भिंतीवरचा फोटो डोळ्यांपुढं आला. मग रसवंतीवरचा दिनकर आला, मान खाली घालून. खिशातून वडापावची पिशवी निघाली, तिच्यात फोन गेला, पिशवीला गाठ बसली.

तो उतरला.

“अगं, बघ बघ,” बांधावरची एक बाई म्हणाली. “बाबांनी एकाला बुडवायला घेतलंय.”

“नवस असंल,” दुसरी म्हणाली.

कंबरभर पाणी. खाली चिखल. रणजितनं दोन्ही हात वर धरलेले, एका हातात पिशवीतला फोन. पिशवीतून ॲपमधल्या बाईचा शांत आवाज येत होता.

“पुढे सरळ जा. त्यानंतर यू टर्न घ्या.”

“गप ए,” रणजित म्हणाला.

“आपण रस्ता चुकला आहात. हायवेने जा.”

“गप म्हणलं न्हवं.”

“कुणाशी बोलतोयस?” पुढून बाबांनी विचारलं.

“स्वतःशीच,” रणजित वैतागून म्हणाला.

छातीभर पाणी. बाबांची फक्त मान आणि पार्सल दिसत होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी खोकं पाण्यावर चालवतंय. वास पुढं, त्याच्यामागं बाबा, त्यांच्यामागं रणजित. बगळ्यांनी एकदा पाहिलं, एकदा हुंगलं आणि उडून गेले.

टिपका जवळ आला. लाल. लाल. अजून लाल. आणि…

हिरवा.

“आपण ग्राहकाच्या दारात पोचला आहात,” बाई म्हणाली.

रणजितच्या अंगात वारं शिरलं. “आलं, बाबा. दार आलं.” तो जागच्या जागी उडाला, खालचा पाय चिखलात सरकला, नाकात पाणी गेलं, आणि हाताला जे लागलं ते त्यानं घट्ट धरलं. बाभळ होती. बाभळीनंही त्याला धरलं.

काटे काढेपर्यंत थोडा वेळ गेला. बांधावर आता म्हशीही बघत होत्या.

“दारात आलास,” बाबा म्हणाले. “आता ज्याचं आहे त्याला बोलाव.”

रणजितनं बटण दाबलं. पिशवीला कान लावला.

बिझी.

पुन्हा दाबलं. बिझी.

“बघितलंत? दारात आलोय, गळ्यापातुर पाण्यात हाय, आणि हा आपला फोनवरच.”

“फोन सोड. हाक मार.”

रणजितनं छाती भरून घेतली. “घाईबाऽऽऽ.”

हाक पाण्यावरून गेली, टेकडीला लागली आणि परत आली.

…घाईबाऽऽऽ.

“पुन्हा.”

“ओ घाईबाऽऽऽ.”

…घाईबाऽऽऽ.

बांधावर कुणी हललं नाही. म्हशीवाल्यानं मागं वळून पाहिलं, की आपल्या मागं कोण आहे.

“कोण ओ देत न्हाय, बाबा.”

“हाक ऐकू आली?”

“कुणाला? मला? आली की. टेकडीवरनं परतपण आली.”

“मग?”

“मग काय?”

बाबांच्या डोक्यावर पार्सल, नजर रणजितवर. पाणी त्यांच्या हनुवटीशी खेळत होतं.

पिशवीत टुंग वाजलं.

“काय वाजलं?”

“मेसेज. कंपनीचा असंल. दिवसातनं ढीगभर येत्यात. मी वाचत न्हाय.”

“आजचा वाच.”

“बाबा, टाइम न्हाय.”

“म्हणून वाच.”

रणजितनं ओल्या अंगठ्यानं पिशवीवरूनच मेसेज उघडला. आणि मोठ्यानं वाचायला लागला, बँकेचा मेसेज वाचावा तसा, घाईघाईत.

“श्री. घाईबा, आपले पार्सल दारात आले आहे. रायडरला खालील ओटीपी…”

तो थांबला.

पुन्हा वाचलं. या वेळी ओठ नुसते हलले.

मेसेज वर सरकवला. वर आणखी होते. श्री. घाईबा, आपले पार्सल पुण्यात पोचले आहे. श्री. घाईबा, आपले पार्सल भिवंडीत पोचले आहे. आपले पार्सल नागपुरात पोचले आहे. आपले पार्सल पुन्हा भिवंडीत पोचले आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

“बाबा… हे माझ्या फोनवर का आलंय?”

एक म्हैस फुरफुरली.

“म्हंजे मी रोज फोन लावत हुतो तो…”

अंगठा आणखी वर सरकला.

“सकाळी, दुपारी, पहाटं… मी मलाच…”

“बिझी,” बाबा म्हणाले.

रणजितनं आजूबाजूला पाहिलं. हाच तलाव. हीच बाभळ. शिमग्याच्या आधी तो रोज दुपारी इथंच गाडी उभी करायचा, पुढचे पत्ते बघायला, तेही गाडीवरून न उतरता.

“पण माझा नंबर तुम्हाला…?”

“झाकणावर होता. चिकटपट्टी लावलेली. नाव नव्हतं. नाव मी ठेवलं.”

झाकण.

वाऱ्याची झुळूक आली. सोबत पार्सलाचा वास आला. त्या वासाच्या खाली, फार खाली, दीड महिना आणि नागपूर यांच्याही खाली रणजितला काहीतरी ओळखीचं लागलं. सुकट. कांदा घालून. वर थोडं जास्त तिखट, कारण त्याला तसंच लागतं.

“आईचा डबा,” तो म्हणाला.

“खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा पडला. भरलेला होता. उघडलासुद्धा नव्हतास.”

“मग हाक मारायची की, बाबा.”

“मारली. मी टेकडी उतरेपर्यंत तू गेलेला असायचास. रोज.”

“फोन करायचा.”

“खालच्या टपरीवरून केला. तू म्हणालास, जे काय असेल ते कंपनीमार्फत पाठवा. आणि ठेवलास.”

रणजितनं पिशवीतल्या फोनकडं पाहिलं.

“अनोळखी नंबर असला की मी तसंच म्हणतो.”

“म्हणून पाठवला.”

पाणी दोघांच्या मधून संथ जात होतं. बगळे पुन्हा येऊन काठावर बसले होते, जरा लांबच. पिशवीत पुन्हा टुंग वाजलं. झांबरे साहेबांचा मेसेज, ‘शेवटची दोन मिनिटं.’

रणजितनं दोन्ही हात पुढं केले.

“द्या, बाबा. लवकर.”

“कुणाचं आहे?”

“माझं.”

“लेबलावर तसं नाही.”

रणजितनं मान वळवली. बांध, बायका, म्हशी. सगळे बघत होते. भिंतीवर फोटो असलेला माणूस तो.

बाबांनी अगदी हळू हाक मारली. आईनं जेवायला बोलवावं तशी.

“घाईबा.”

रणजितनं ओल्या हातानं तोंड पुसलं.

“ओ,” रणजित म्हणाला.

टेकडीनंही म्हटलं, ओ.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तलावाचंच असेल. त्यानं पुढं होऊन पार्सलला हात घातला.

बाबांनी पार्सल वर उचललं. हात पुरणार नाही इतकं वर.

“आता काय, बाबा? माझंच हाय की.”

“असं नाही देता येत,” ओबाबा म्हणाले. “ओटीपी सांग.”